दाल, थाल आणि स्ताल

स्वीडिश भाषेत ‘दाल’ म्हणजे दरी आणि ‘ताल’ म्हणजे संख्या. पण स्वीडिश माणसाच्या तोंडचा हा दुसरा शब्द आपल्याला ‘थाल’ असा ऐकू येतो. ‘स्ताल’ (चोरले) या शब्दात मात्र ‘स’नंतरचा तोच ‘त’ साधा राहतो. तोंडासमोर तळहात धरून ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हणून पाहा. हवेच्या झोतातला फरक लगेच कळेल.

हा फरक वेळेचा आहे. जीभ दातांपासून सुटल्यावर स्वरतंतू कंप पावू लागायला ‘त’मध्ये जेमतेम एक-दोन शतांश सेकंद लागतात, ‘थ’मध्ये त्याच्या कितीतरी पट. ‘द’मध्ये कंप जीभ सुटण्याआधीच सुरू होतो. लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४ साली हा कालावधी अकरा भाषांत मोजला; त्यांत मराठीही होती.

लहान मुलाला जीभ आणि स्वरतंतूंचा हा मेळ हळूहळू साधतो. शिवाय ‘द’साठी, तोंड अडवलेले असतानाही फुप्फुसांतली हवा वर येत राहावी लागते. मुलाचे तोंड लहान. ते चटकन भरते, दाब सारखा होतो आणि कंप थांबतो. म्हणून सुरुवातीला दोन्ही व्यंजने साध्या ‘त’जवळ येतात. स्वीडिश कानाला मग ‘थाल’च्या जागी ‘दाल’ ऐकू येते.

कधी कधी मूल दोन्हींत बारीकसा फरक करतही असते. तो यंत्राला दिसतो, आपल्या कानाला नाही. बालवाडीतल्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.