काचपेटीतल्या पाण्याची राखण

मासा म्हटला की आपल्या पनवेल-उरणकडच्या माणसाला आधी कालवण आठवते. हाच मासा काचेच्या पेटीत ठेवून नुसता बघत बसायचे, हे आपल्या आजोबांना खरे वाटले नसते. पुढे १९५१ साली मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडले, शाळांच्या सहली तेथे जाऊ लागल्या, आणि लोकांना ही हौस कळली. आज नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथल्या घरांत, दवाखान्यांत, हॉटेलांत अशा पेट्या दिसतात. विकत घेताना उत्साह असतो, महिन्याने पाणी हिरवे झाले की, "आता हे धुवायचं कोणी?" असे सुरू होते. नेरे-पळस्प्याकडच्या एखाद्या होतकरू मुलाला यात धंदा आहे. भांडवल थोडे लागते. ज्ञान मात्र पुरेसे लागते, आणि ते कसे, हे मी स्वतः ठेच लागून शिकलो.

मी शिक्षक. आमच्या शाळेत अशी एक पेटी होती. तपासणी येणार म्हणून आम्ही मुलांच्या मदतीने ती सगळी रिकामी केली, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि ताजे पाणी भरले. पेटी आरशासारखी लखलखली. पाचव्या दिवशी सकाळी गोल्डफिश उलटे तरंगताना दिसले. एका मुलीने विचारले, "गुरुजी, आपण तर स्वच्छ केलं होतं ना?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर शेतकऱ्याला सहज पटेल असे आहे. बंद गोठ्यात सकाळी शिरले की नाकाला झोंबतो तो वायू अमोनिया. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून तोच पाण्यात उतरतो, आणि माशाला तो विष आहे. जमिनीत शेणखताचे जे होते तेच पेटीत होते: एका जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जंतू स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करून असतात. म्हणजे तो मळकट स्पंज हे पेटीचे विरजण होते, आणि आम्ही ते मोरीत ओतून मोकळे झालो! नवे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून नव्या पेटीत एकदम दहा मासे सोडू नयेत. दोन सोडावेत आणि वाट पाहावी.

आता कामाची रीत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटीत काठोकाठ भरले तर सुमारे ७० लिटर पाणी मावते. पंधरवड्याला त्यातले पाव, म्हणजे एक मोठी बादलीभर, सायफनच्या नळीने तळचा गाळ ओढत काढावे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन या जंतूंना आणि माशांनाही मारतो. तेव्हा भरायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवायला घरच्यांना सांगावे. साबण, सोडा, फिनेल काही म्हणजे काही नको. बादलीसुद्धा वेगळी, कपड्यांची नव्हे. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद. याला अपवाद नाही, बघा.

पैशाचे म्हणाल, तर समजा २० पेट्या मिळाल्या आणि पंधरवड्याला एक फेरी ठरली. महिन्याच्या ४० फेऱ्या. फेरीला ३०० रुपये ठरले तर १२,००० होतात. त्यातून पेट्रोल, नळ्या, औषधे वजा. भाव ज्याचा त्याने ठरवावा, पण पेट्या एकाच वसाहतीत धराव्यात, नाहीतर कमाई रस्त्यातच सांडते. गणपतीत आणि मे महिन्यात अर्धे पनवेल गावी जाते. मासे मागे राहतात. तेव्हा किल्ली विश्वासाने हाती देतील असे आपले वागणे हवे. एक गोष्ट गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगावी: दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. उपाशी मरणाऱ्या माशांपेक्षा जास्त खाद्याने मरणारे मासे अधिक.

कधी गिऱ्हाईक कंटाळून म्हणेल, "हे मासे वडाळे तलावात सोडून ये." तेवढे मात्र करू नये. काच चाटणारा सकर मासा पेटीत छोटा असतो, बाहेर हातभर वाढतो. उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, किंवा जवळच्या शाळेला विचारावे. आमच्या शाळेत आता पेटी पुन्हा भरली आहे. स्पंज कोणी धुवायचा आणि कशात, हे त्या मुलीनेच फळ्यावर लिहून ठेवले आहे.