तारखेची साक्ष : दहशतवादी घटनांची कालसूची आणि तिचे वाचन

१

मराठी इतिहाससाधनांत शकावली नावाचा एक आटोपशीर पण मोलाचा प्रकार आहे. ती बखरीप्रमाणे कथा सांगत नाही, की कैफियतीप्रमाणे हक्काची बाजू मांडत नाही. शक, मास, पक्ष, तिथी आणि त्या दिवशी घडलेली गोष्ट एवढेच ती नोंदवते. भोर परिसरातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातून मिळालेली आणि १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली हे ह्या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण होय. शिवजन्माची तिथी शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद तिच्यातील एका त्रोटक नोंदीने उभा केला. इतर साधनांशी ती नोंद ताडून पाहिल्यानंतर दुसऱ्या पक्षाला बळ मिळाले, आणि पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

शकावलीचा हा अधिकार तिच्या संयमातून येतो. घटना केव्हा घडली हे ती सांगते. का घडली हे सांगण्याच्या भरीस ती पडत नाही. कारणाचा शोध हे वाचकाचे काम असते, आणि त्यासाठी त्याला अन्य कागद पाहावे लागतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच कुळातील एक नवी सूची तयार होऊ लागली. दहशतवादी घटनांच्या नोंदी ठेवणे आणि निरनिराळ्या सशस्त्र गटांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या तारखा टिपणे हे तिचे काम. पोलीस, पत्रकार आणि संशोधक हे तिचे वाचक. ह्या सूचीतील तारीख नेमकी कशाची साक्ष देते, आणि कशाची देत नाही, ह्या प्रश्नाचा विचार येथे मुख्यतः महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे केला आहे.

२

सप्टेंबर १९७२ मधील म्यूनिक येथील हत्याकांडाने ह्या प्रकारच्या घटनांकडे जगाचे लक्ष वेधले. त्याच वर्षी अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने आंतरराष्ट्रीय दहशतवादी घटनांची कालसूची करण्यास आरंभ केला. पुढे मेरीलँड विद्यापीठात १९७० पासूनच्या घटनांचा जागतिक संग्रह सिद्ध झाला. त्यातील नोंदींची संख्या २,००,००० च्या वर गेली. दिल्लीहून चालणाऱ्या दक्षिण आशियाविषयक संग्रहाने भारतीय उपखंडाची सूची ठेवली. ह्या सर्वांची रचना साधारणतः सारखीच असते : तारीख, स्थळ, पद्धत, हानी आणि कर्ता.

ह्या रकान्यांची विश्वसनीयता मात्र सारखी नसते. तारीख बहुधा पहिल्याच दिवशी निश्चित होते. मृतांचा आकडा काही दिवस, क्वचित काही महिने बदलत राहतो. कर्त्याचा रकाना तर अनेकदा वर्षानुवर्षे अनिश्चित असतो. परंतु छापील पानावर हे सर्व रकाने एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी-शेजारी येतात, आणि तारखेची निश्चिती नकळत शेजारच्या रकान्यालाही लाभते. सूचीच्या वाचनातील पहिला धोका हा आहे.

दुसरा धोका सूचीतील रिकाम्या जागांचा. मेरीलँडच्या संग्रहाचा पाया असलेल्या, एका खाजगी संस्थेने टिपलेल्या नोंदींपैकी १९९३ ह्या एका वर्षाच्या नोंदी कचेरीच्या स्थलांतरात गहाळ झाल्या. त्या वर्षाच्या केवळ एकंदर बेरजा देता येतात. एकेका घटनेची नोंद मूळ संग्रहात नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या वर्षाला विशेष अर्थ आहे. १२ मार्च १९९३ रोजी दुपारी शेअर बाजाराच्या इमारतीपासून सुरू झालेल्या स्फोटमालिकेत मुंबईत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या दिवसाच्या आधी आणि नंतर अशी मुंबईच्या इतिहासाची विभागणी केली जाते, तो दिवस जगातील एका प्रमुख सूचीच्या मूळ नोंदींत सापडत नाही. सूचीतील मौनावरून घटनेचा अभाव सिद्ध होत नाही, हे शकावलीच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले तत्त्व येथेही तितकेच लागू आहे.

३

तारीख मुद्दाम निवडली जाते, ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. मराठी प्रदेशातील तिचे जुने उदाहरण २२ जून १८९७ चे आहे. त्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीहून परतणाऱ्या वॉल्टर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी पुण्यात गोळ्या झाडल्या. हे उदाहरण घेण्यात आजच्या दहशतवादाशी त्या कृत्याची तुलना करण्याचा हेतू नाही. एकाच कृत्याला सरकारी दप्तराने खून म्हणावे आणि मराठी स्मृतीने वध व हौतात्म्य हे शब्द योजावेत, एवढ्यावरून त्या तुलनेची अडचण स्पष्ट होते. येथे पाहावयाची आहे ती केवळ तारखेच्या वाचनाची पद्धत.

२२ जून ह्या तारखेत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक प्रतीकाची : राणीचा उत्सव. दुसरी संधीची : त्या रात्री रँड कोणत्या रस्त्याने परतणार हे आधीच सांगता येत होते. प्रतीकाचा भाग केवळ तर्काने सुचलेला नाही. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे, आणि मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकतही त्यात आली आहे. कर्त्याची स्वतःची साक्ष असल्यामुळेच येथे तारखेला अर्थ देता येतो.

ह्याच प्रसंगी सरकारपक्षाकडून तारखांचे दुसरे एक वाचन झाले. त्या जूनच्या मध्यास पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तान्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता आली. २२ जूनला गोळीबार झाला. टिळकांवरील अभियोग राजद्रोहाचा होता, खुनात सहभागी असल्याचा नव्हता. तरीही एका आठवड्याच्या ह्या सान्निध्याची छाया त्या खटल्यावर पडली होती, आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने मुंबई इलाख्याच्या प्रकरणाचा आरंभ गणेशोत्सव व शिवोत्सव ह्यांपासून करून चापेकरांपर्यंत सरळ रेषा काढली. कालसूचीचे कारणमालेत रूपांतर कसे होते, ह्याचा हा ठळक नमुना होय. एकामागून एक घडलेल्या गोष्टी एकीमुळे दुसरी घडली असे सांगू लागतात, आणि त्यासाठी सूचीत एकही नवा शब्द घालावा लागत नाही.

४

काही गटांच्या बाबतीत तारीख हीच त्यांची ओळख असते. म्यूनिकच्या हल्लेखोरांनी धारण केलेले ‘काळा सप्टेंबर’ हे नाव १९७० च्या सप्टेंबरात जॉर्डनमध्ये झालेल्या पॅलेस्टिनी सैनिकांच्या पाडावाची आठवण देते. ग्रीसमधील ‘१७ नोव्हेंबर’ हा गट १९७३ साली अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांचा उठाव चिरडला गेला त्या दिवसाचे नाव घेऊन उभा राहिला. पश्चिम बर्लिनमधील ‘२ जून चळवळी’ने १९६७ साली पोलिसाच्या गोळीने मरण पावलेल्या एका विद्यार्थ्याचा स्मृतिदिन आपल्या नावात घेतला. २००९ साली मात्र कागदपत्रांतून उघड झाले की, गोळी झाडणारा तो पोलीस पूर्व जर्मनीच्या गुप्त खात्याचा हस्तक होता. गोळीबाराचा आदेश त्या खात्याने दिला होता असे त्यावरून सिद्ध झाले नाही. पण जिच्या नावाने एक चळवळ उभी राहिली त्या तारखेचा अर्थ बेचाळीस वर्षांनी पुन्हा तपासावा लागला.

अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील १९ एप्रिल १९९५ चा स्फोट हेही निवडलेल्या तारखेचेच उदाहरण. १९ एप्रिल १९९३ च्या वेको येथील घटनेचा सूड म्हणून तो दिवस घेतल्याचे गुन्हेगाराने स्वतः सांगितले आहे. चापेकरांच्या उदाहरणाप्रमाणे येथेही निर्णायक ठरते ती कर्त्याची साक्ष.

ती साक्ष नसेल तेथे योगायोगाला अर्थ चिकटवण्याची प्रवृत्ती बळावते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले. ११ सप्टेंबर २००१ आणि हा दिवस ह्यांच्यामध्ये बरोबर ९११ दिवस आहेत, हा हिशोब त्या काळी बराच फिरला. गणित चूक नाही; परंतु स्पेनची सार्वत्रिक निवडणूक तीन दिवसांवर आली होती, ही अधिक जवळची गोष्ट ह्या अंकचमत्काराने झाकली जाते.

म्हैसूरचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. १ ऑगस्ट २०१६ रोजी देवराज मोहल्ल्याच्या बाजारपेठेपासून फारशा दूर नसलेल्या न्यायालयाच्या आवारातील स्वच्छतागृहात स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी चित्तूर येथे ७ एप्रिल, कोल्लम येथे १५ जून, नेल्लोर येथे १२ सप्टेंबर आणि मलप्पुरम येथे १ नोव्हेंबर ह्या दिवशी अशाच घटना घडल्या. ‘बेस मूव्हमेंट’ हे ह्या गटाचे नाव म्हणजे ‘अल कायदा’ ह्या शब्दांचाच अनुवाद. म्हैसूरच्या प्रकरणी तिघे जण ऑक्टोबर २०२१ मध्ये दोषी ठरले. ह्या पाच तारखांतून एखादे सूत्र काढू पाहणाऱ्यास १ नोव्हेंबर हा दिवस लगेच मोह घालील. तो केरळचा स्थापनादिन आहे. कर्नाटकात तो राज्योत्सव आहे, आणि बेळगावच्या मराठी भाषकांत काळा दिवस. एकच तारीख तीन समाजांत तीन अर्थ वाहते, तेव्हा चौथा अर्थ तिला जोडणे कठीण नाही. परंतु त्या पाच घटनांचे खरे साम्य तारखेत नसून स्थळात आहे : प्रत्येक स्फोट न्यायालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात झाला.

५

मुंबईच्या दोन घटनांची नावे ह्या संदर्भात भाषाभ्यासकाने पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ‘९/११’ म्हणजे ११ सप्टेंबर. त्या नमुन्यावरून ११ जुलै २००६ च्या उपनगरी गाड्यांतील स्फोटांना ‘७/११’ हे नाव अमेरिकी क्रमाने मिळाले. भारतीय रीतीने वाचल्यास तो ७ नोव्हेंबर होईल. दोनच वर्षांनी ‘२६/११’ हे नाव रूढ झाले ते मात्र भारतीय क्रमाने. अंकांमधली तिरकी रेघ तेवढी परकी राहिली. मराठीत ‘सव्वीस अकरा’ हा आता जवळजवळ एक समास आहे. त्याला वर्षाचीही गरज उरलेली नाही.

हे नाव सोयीचे असले तरी घटनेला आकसून घेते. हल्ला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झाला आणि २९ च्या सकाळी संपला. १६६ माणसे त्यात गेली. शिवाय २६ नोव्हेंबर हा १९४९ साली संविधान स्वीकारले गेल्याचा दिवस असल्यामुळे हल्ल्याची तारीख हेतुपूर्वक निवडली असावी, असे कोणासही सुचेल. परंतु कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दिलेल्या साक्षीत त्याआधी सप्टेंबर व ऑक्टोबर २००८ मध्ये दोन प्रयत्न फसल्याचे सांगितले. ही साक्ष ग्राह्य धरल्यास नोव्हेंबरची तारीख निवडलेली नसून उरलेली ठरते.

उलटपक्षी, एकाच दिनदर्शिकेवर विसंबल्याने खरा अर्थही निसटतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. इसवी तारखेवरून काहीच उमगत नाही. तो शुक्रवार होता आणि हिजरी पंचांगाप्रमाणे शब-ए-बरातचा दिवस होता, हे कळल्यावरच दुपारी तेथे एवढा जमाव का होता आणि मृतांत कोण असणार हे समजते. तिथी आणि तारीख दोन्ही देण्याची जुन्या संशोधकांची शिस्त येथे अलंकार नव्हे, आवश्यकता ठरते.

६

ह्या सर्व विवेचनाची खरी कसोटी कर्त्याच्या रकान्यात लागते. मालेगावच्या ह्या प्रकरणी नऊ मुसलमान तरुण प्रारंभी पकडले गेले. पुढे तपासाची दिशा पूर्णतः बदलली आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. जुलै २००६ च्या गाड्यांतील स्फोटांबद्दल २०१५ साली दोषी ठरलेल्या बारा जणांना २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले. त्यांच्यापैकी एक जण तोवर कारावासातच मरण पावला होता. तो निकाल अन्य खटल्यांत पूर्वाधार मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी सांगितले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींची विशेष न्यायालयाने मुक्तता केली. तीन घटनांच्या तारखा जशाच्या तशा राहिल्या. त्यांच्यापुढील नावे पालटली किंवा पुसली गेली.

ज्या सूचीत पहिल्या आठवड्यातील कर्ता कायम राहतो, ती सूची निर्दोष सुटलेल्या माणसाला छापील पानावर पुन्हा कैद करते. आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या हाती मारणाऱ्याचे नाव येतच नाही. उरते ती केवळ तारीख, किंवा वर्षश्राद्धाची तिथी.

म्हणून अशा सूचीकडून काही अपेक्षा ठेवणे प्राप्त आहे. तारखेसोबत तिथी व स्थानिक पंचांगाचा दिवस द्यावा. तारखेला प्रतीकार्थ द्यायचा तो कर्त्याची साक्ष किंवा तिच्या तोलाचा कागद असेल तरच. प्रत्येक रकान्यातील मजकूर कोणत्या दिवशी व कोणत्या आधारावर लिहिला हे नमूद करावे, आणि न्यायालयाचा नवा निर्णय येताच जुनी नोंद न पुसता तिच्याखाली नवी लिहावी. ह्यांतील एकही नियम नवीन नाही. पाठभेद नोंदविणे, साधनाचा काळ ठरविणे आणि एका कागदावरून निष्कर्ष न काढणे ही जुन्या साधनांच्या संपादकांनी घालून दिलेलीच शिस्त आहे. जेधे शकावलीतील नोंदीला मान्यता मिळाली ती इतर कागदांशी ताडून पाहिल्यावर. आजच्या सूचीतील नोंदीस तीच परीक्षा लावली पाहिजे. कारण तिच्यातील माणसे आणि त्यांचे आप्त अद्याप हयात आहेत.