वेळ सांभाळणारी डबी

पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही. उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियनला हमखास येणारी ही तक्रार. मुरलेला माणूस फोनवरच विचारतो, ‘काठीने पातं ढकललं तर फिरतो का?’ हो म्हटलं, की ‘कंडेन्सर गेलाय’ असं निदान तिथेच होतं. येताना तो काड्यापेटीएवढी एक डबी घेऊन येतो, मेन स्विच बंद करतो, स्टुलावर चढून पंख्याची वाटी सरकवतो, दोन वायरी सोडवतो, दोन जोडतो. दहा मिनिटांत वारा सुरू.

काठीच्या प्रश्नात मोटरचं सगळं शास्त्र आहे. कंडेन्सर मेलेल्या पंख्याचं पातं उजवीकडे ढकललं तर तो हळूहळू उजवीकडे फिरू लागतो आणि डावीकडे ढकललं तर डावीकडे. स्वतःहून मात्र त्याला कुठलीच दिशा ठरवता येत नाही. कारण घरात येणारी वीज सिंगल फेज असते. एका वाइंडिंगमध्ये ती सोडली, की तयार होणारं चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही. एकाच रेषेत, सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होत राहतं. त्याला फिरवायचं तर दुसरं वाइंडिंग हवं, पहिल्यापासून थोडं सरकवून बसवलेलं, आणि त्यातला प्रवाह पहिल्याच्या साधारण पाव आवर्तन आधी यायला हवा. पन्नास हर्ट्‌झच्या विजेत पाव आवर्तन म्हणजे पाच मिलिसेकंद. हे पाच मिलिसेकंद मिळवून देणं एवढंच त्या डबीचं काम.

कॉलेजच्या पुस्तकातला कपॅसिटर आणि पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मागायचा कंडेन्सर एकच. त्याची ओळख बहुतेक ठिकाणी ‘वीज साठवणारा भाग’ अशी करून दिली जाते. व्याख्या म्हणून ते बरोबर आहे, पण त्यातून त्याचा खरा स्वभाव कळत नाही. छताच्या पंख्याला बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात विजेचा दाब सव्वातीनशे व्होल्टच्या शिखरावर असतो, तेव्हाही अशा कपॅसिटरमध्ये जेमतेम ०.१३ ज्यूल ऊर्जा मावते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे दहा हजार ज्यूल असतात. साठवणूक हाच निकष असता, तर कपॅसिटरला कोणी विचारलं नसतं. त्याची किंमत आहे ती भरायला आणि रिकामं व्हायला लागणाऱ्या वेळेत. हा वेळ आपल्याला हवा तसा ठरवता येतो.

ही डबी फोडून पाहिली, की आत एक गच्च गुंडाळी निघते. पॉलिप्रोपिलीनच्या फिल्मच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून ती केलेली असते. फिल्मची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्या फिल्मवर निर्वात कक्षात जस्त-ॲल्युमिनियमच्या वाफेचा थर चढवतात. तो इतका पातळ, की नॅनोमीटरमध्येच मोजावा लागतो. गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर वितळलेल्या धातूचा फवारा मारतात, त्यावर वायरी जोडतात आणि डबीत ठेवून वरून राळ ओततात. महाराष्ट्रात नाशिकला टीडीकेच्या कारखान्यात असे फिल्म कपॅसिटर तयार होतात.

या गुंडाळीची सगळ्यात सुंदर करामत बाहेरून कधीच दिसत नाही. फिल्ममध्ये एखादी जागा कच्ची राहिली असेल आणि दाबाने तिथे भोक पडलं, तर त्या ठिणगीच्या उष्णतेने भोकाभोवतीचा धातूचा थर क्षणात वाफ होऊन उडून जातो. शॉर्ट व्हायला तिथे धातूच उरत नाही, आणि कपॅसिटर काम चालू ठेवतो. आपली जखम आपणच भरून काढणारा असा भाग मोटरमधल्या सामानात दुसरा नाही. मात्र प्रत्येक वेळी थोडं क्षेत्रफळ कमी होतं. वर्षानुवर्षं असं होत होत अडीचचे दोन, दोनाचे दीड मायक्रोफॅरड होतात, आणि घरातले म्हणू लागतात, ‘पंखा म्हातारा झाला.’ बेअरिंग ठीक असेल आणि पंखा फक्त मंदावला असेल, तर बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते ती डबी. नवी घेताना जुनीवर छापलेला आकडाच मागावा. जास्त वारा मिळेल या आशेने मोठा आकडा बसवला, तर वाइंडिंगमधून जास्त प्रवाह जाऊन मोटर तापते.

हा सगळा प्रवास एका बाटलीपासून सुरू झाला. १७४५ साली पोमेरेनियात एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर फान मुसेनब्रुक, या दोघांनी स्वतंत्रपणे द्रव भरलेल्या काचेच्या भांड्यात घर्षणाची वीज कोंडली आणि दोघांनीही तिचा जबर झटका खाल्ला. पॅरिसच्या नोले या शास्त्रज्ञाने १८० शाही रक्षकांना हात धरून उभं केलं आणि फ्रान्सच्या राजासमोर एकाच झटक्यात सगळ्यांना उडवून दाखवलं. दोन वाहक आणि मध्ये विद्युतरोधक, ही त्या बाटलीची रचना आजही तशीच आहे.

कपॅसिटरच्या जोडीला रेझिस्टर आला, की घड्याळ तयार होतं. रेझिस्टर प्रवाह अडवतो, त्यामुळे कपॅसिटर सावकाश भरतो. दहा लाख ओहम आणि एक मायक्रोफॅरड यांचा गुणाकार बरोबर एक सेकंद. तेवढ्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ नावाची आयसी याच हिशेबावर चालते. कपॅसिटरवरचा दाब पुरवठ्याच्या दोन तृतीयांश झाला, की ती आपलं काम थांबवते. याच दहा लाख ओहमला शंभर मायक्रोफॅरड जोडले, तर जिन्यातला दिवा दोन मिनिटांना थोडे कमी असताना आपोआप विझतो.

कॉइलशी जोडी जमली, तर वेगळंच घडतं. दोघांमध्ये ऊर्जा झोके घेऊ लागते आणि झोक्यांचा वेग दोघांच्या मापांवर ठरतो. जुन्या रेडिओत बटण फिरवलं, की ॲल्युमिनियमची अर्धगोल पानं एकमेकांत शिरायची. दुरुस्तीवाले त्या जोडणीला ‘गँग’ म्हणत. पानं जितकी आत, तितकी धारणक्षमता जास्त आणि कंपनं कमी. क्षमता चौपट झाली, की कंपनसंख्या निम्मी होते. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्‌झ पकडायचं म्हणजे ती पानं नेमक्या एका जागी आणून ठेवायची. सकाळच्या बातम्या त्या पानांमधल्या हवेच्या पोकळीतून निवडून घेतलेल्या असायच्या.

एलईडी बल्बमधला कपॅसिटर मात्र या फिल्मवाल्याचा दूरचा भाऊ, आणि काळजी करावी असा. डायोडच्या पुलातून बाहेर पडणारी वीज एका दिशेची असते, पण सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. नळाला पाणी येऊन-जाऊन असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे धार चालू राहते, तसं मधले खळगे भरून काढायला इथे मोठी क्षमता लागते. ती देतो इलेक्ट्रोलायटिक: ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वाढवलेला ऑक्साइडचा पापुद्रा आणि त्याला टेकलेला द्रव. हा द्रव उष्णतेने हळूहळू निघून जातो. वाळलेल्या कपॅसिटरचं डोकं फुगतं. ते स्फोट न होता उघडावं म्हणून त्यावर फुली कोरलेली असते.

त्याच्या आयुष्याचा हिशेब सोपा आहे: तापमान दहा अंशांनी उतरलं, की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना दोन हजार तास टिकेल असं ज्याच्याबद्दल लिहिलेलं असतं, तो ६५ अंशांना बत्तीस हजार तास टिकावा. तोच बल्ब काचेच्या बंद गोळ्यात बसवला आणि आतलं तापमान ८५ वर गेलं, तर उरतात आठ हजार. वर्षानुवर्षं टिकेल म्हणून घेतलेला बल्ब लुकलुकायला लागतो, तेव्हा त्यातले एलईडी अनेकदा शाबूत असतात आणि गेलेला असतो काही रुपयांचा हा कपॅसिटर. बंद शेडमध्ये दिवा लावायचाच असेल, तर शेडला हवा जायला जागा ठेवावी. दुरुस्तीला देताना १०५ अंशांचाच, मूळच्यापेक्षा कमी व्होल्टचा नसलेला कपॅसिटर मागावा. ८५ अंशांचा त्याच पेटीत शेजारच्या कप्प्यात असतो आणि थोडा स्वस्त मिळतो.