गाडीची शेपटी किती ताठ असावी?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या लोणारला मोटारींची रीघ लागते. उल्केच्या आघाताने बेसाल्टच्या कातळात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे छोट्या गाड्यांतून येतात. पुष्कळजण समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत येतात. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. महामार्ग सोडला की मात्र काळ्या मातीचा मुलूख लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्यालाही लाटा येतात. एकाच गाडीला एकाच दिवसात हे दोन्ही रस्ते कापायचे असतात. म्हणूनच माझ्या पुतण्याचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

"काका, वळणावर आपली गाडी नाक बाहेर काढते. मागच्या बाजूला जाड अँटी-रोल बार बसवून घेऊ का? मित्र म्हणतात, गाडी रुळावरून धावल्यासारखी वळते."

मित्रांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी गाडी घरोघर पोहोचली. अशा गाडीचे इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे. वळायचे कामही पुढच्याच चाकांचे. साहजिकच वेगात वळताना तीच आधी थकतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते.

वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांकडे झुकते. एकूण किती झुकावे हे वेग, वळणाचा आकार आणि गाडीची उंची-रुंदी ठरवते. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने घ्यावा नि किती मागच्या जोडीने, एवढेच बारच्या हाती असते. आता दोन हमालांचे उदाहरण घ्या. दोघांनी वीस-वीस किलो उचलले तर ते झपाझप चालतात. एकाच्या डोक्यावर पस्तीस आणि दुसऱ्याच्या पाच किलो ठेवले, तर ओझे तेवढेच राहते, पण जोडी रखडते. टायरचेही तसेच. मागचे अंग ताठ केले की मागच्या जोडीतला बोजा अधिक विषम होतो आणि तिची पकड घटते. पुढच्या जोडीतला बोजा त्या मानाने सारखा होऊन तिची पकड वाढते. म्हणून नाक आत वळते. थोडक्यात, पुढे जे मिळाले ते मागून काढून घेतलेले असते!

बार म्हणजे वाकवलेली पोलादी सळई. तिचा मधला भाग गाडीच्या अंगाला आणि टोके दोन बाजूंच्या चाकांकडे जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम उचलली तर ती नुसती फिरते. एकच उचलले तर पिळली जाते आणि विरोध करते. तिची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. सोळा मिलिमीटरच्या जागी वीसची सळई घातली, तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. "चारच मिलिमीटर तर वाढवायचे" असे म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

पुष्कळ छोट्या गाड्यांत वेगळा बार नसतोही. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून रूढ झालेल्या रचनेत मागच्या दोन चाकांमधला आडवा तुळईसारखा भाग स्वतःच पिळला जाऊन बारचे काम करतो. आपल्या चाकणला २०२२ पर्यंत तयार होणाऱ्या पोलोतही हीच रचना होती.

मग कारखानदार मागचे अंग आणखी ताठ का करीत नाहीत? कारण घाबरलेला माणूस वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ताठ शेपटी भर्रकन बाहेर फिरते. नाक बाहेर जाणारी गाडी वेग कमी केला की बहुधा सावरते. शेपटी फिरलेली गाडी सावरायला कसलेला हात लागतो. पावसात, वळणावर बैलगाडी समोर आली आणि मागच्या सीटवर मुले असली, तर हा फरक जिवावरचा ठरतो. शिवाय लाटांच्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का बारमधून दुसऱ्याकडे जातो, तो वेगळाच.

इंजिन मागे असले तर सारा हिशेब उलटतो. अमेरिकेतील शेवरोले कॉर्व्हेअर १९६० च्या मॉडेलपासून पुढच्या बारशिवाय विकली गेली. १९६४ च्या मॉडेलमध्ये कंपनीने तो सर्व गाड्यांना दिला. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात याच गाडीवर टीकेची झोड उठवली. २००९ साली आलेल्या टाटा नॅनोचेही इंजिन मागेच. तिला मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद दिले होते, ते मागची पकड राखण्यासाठीच.

पुतण्याला मी आधी गाडी तपासून घ्यायला सांगितले. मिस्त्रीने पाहिले, तो पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर संपलेले आणि रबरी बुश फाटलेले! ते बदलले, हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरली, कॅरिअरवरचे सामान खाली आले. नाकाची तक्रार बरीचशी मिटली आणि बार दुकानातच राहिला.

वाचकहो, लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोनच टायर नवे घेणार असाल, तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरीही. पुढची पकड सुटू लागली तर ते स्टिअरिंगवरच्या हाताला आधी कळते; मागची सुटली तर बहुधा उशीर झालेला असतो.