आत्याचा आजारही सांगावा

स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करताना डॉक्टर विचारतात, "घरात आणखी कोणाला हा आजार झाला होता का?" उत्तर बहुधा आई, मावशी आणि आईकडची आजी यांच्यापुरतेच मिळते. वडिलांकडची आत्या किंवा चुलत बहीण कोणाच्या लक्षातही येत नाही. हे विस्मरण महाग पडू शकते.

पेशीचे विभाजन होताना तिच्या डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका राहतात. त्या चुकांवर लक्ष ठेवणाऱ्या काही प्रथिनांना अर्बुदरोधक, म्हणजे गाठ होऊ न देणारी प्रथिने म्हणतात. १९७९ साली प्रकाशात आलेले पी-५३ हे त्यांतील प्रमुख. डीएनएला इजा होताच ते विभाजन थांबवून दुरुस्तीला अवधी देते. दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीचा शेवट घडवून आणते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने डीएनएचे तुटलेले दोन्ही धागे अचूक जोडण्यास मदत करतात.

ही प्रथिने घडवणाऱ्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. पेढीवर दोन मुनीम असावेत तशी ही व्यवस्था आहे. एक प्रत जन्मतःच सदोष असली तरी दुसरी काम निभावते. मात्र स्तनाच्या एखाद्या पेशीत तीही बिघडली, की चुका साचू लागतात. पुढे पुष्कळदा पी-५३ देखील निकामी होते. मग थांबवणारे कोणी उरत नाही आणि गाठ वेगाने वाढते.

१९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांच्या अभ्यासातून बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती आले. सदोष प्रत मुलाकडे असो वा मुलीकडे, ती पुढच्या प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे वडील स्वतः निरोगी राहूनही आत्याच्या आजाराचे कारण मुलीपर्यंत पोहोचू शकते.

स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. परंतु सदोष बीआरसीए जनुक असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा आजार होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. म्हणजे तो होईलच असे नाही. सावध राहणे मात्र आवश्यक आहे.

मुलींच्या लग्नाची अडचण होईल, या भीतीने अनेक घरांत असा आजार झाकून ठेवला जातो. त्याची झळ नेमकी त्याच मुलींना बसते. वेळीच कळले, तर जनुकीय समुपदेशन घेता येते. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून जनुकाची चाचणी होते. ती शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीपासून सुरू करावी. दोष आढळल्यास तरुण वयापासून नियमित एमआरआय तपासणी किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. कर्करोग झालाच, तर ओलापॅरिबसारखी औषधे सदोष पेशींच्या दुरुस्तीतील हाच दुबळेपणा हेरून त्यांना नष्ट करतात.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या जपणाऱ्या घरात आणखी एक पान अवघड नाही. आई आणि वडील, दोन्हींकडच्या नातलगांना झालेले स्तनाचे व बीजांडकोशाचे कर्करोग आणि त्या वेळचे त्यांचे वय त्यावर लिहावे. पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे.