एत्रता : खडूचे कडे आणि भरती-ओहोटीचे गाव

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडी प्रांतात, ल आव्र बंदरापासून सुमारे 28 किलोमीटरवर एत्रता हे गाव आहे. दोन उंच कड्यांमधल्या दरीत वसलेले, जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे. मुख्य रस्ता दहा मिनिटांत संपतो आणि समोर इंग्लिश खाडीचे पाणी येते. किनाऱ्यावर वाळू नाही, सगळीकडे गुळगुळीत राखाडी गोटे. लाट मागे हटताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि त्यांचा खळखळाट गल्लीपर्यंत ऐकू येतो. डावीकडे आणि उजवीकडे पांढरेशुभ्र कडे सरळ समुद्रात उतरलेले आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांना समुद्राने कमानी कोरल्या आहेत.

हे कडे खडूचे आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांची चुनखडीची कवचे तळाशी साचत गेली आणि त्या गाळाचा दगड झाला. पांढऱ्या भिंतीत ठरावीक अंतरावर काळसर आडव्या रेघा दिसतात, त्या गारगोटीच्या. खडू मऊ, गारगोटी कठीण. वरून पावसाचे पाणी भेगांत मुरते, हिवाळ्यात गोठून भेगा रुंदावते, खालून लाटा कड्याचा पाया पोखरतात आणि एखाद्या दिवशी मोठा तुकडा कोसळतो. खडू पाण्यात विरून जातो; गारगोटी तेवढी उरते आणि लाटांत घासून गोल होते. किनाऱ्यावरचे गोटे म्हणजे कोसळलेल्या कड्यांचे अवशेष. तेच लाटांचा जोर मोडतात आणि गावाचे रक्षण करतात, म्हणून ते उचलून नेण्यास कायद्याने बंदी आहे.

कमानी तीन. पूर्वेची ‘पोर्त दामों’ लहान आहे. पश्चिमेची ‘पोर्त दाव्हाल’ सर्वांत प्रसिद्ध. सोंड पाण्यात बुडवलेल्या हत्तीची तिला दिली जाणारी उपमा लेखक गी द मोपासाँच्या नावावर आहे. तिच्या शेजारी समुद्रात एकटा सुळका उभा आहे. तिसरी ‘मानपोर्त’ सर्वांत मोठी, पण गावातून ती दिसतच नाही. पश्चिमेच्या कड्यावर चढून थोडे पुढे चालत गेले की ती समोर येते. बरेच पर्यटक पहिल्या कमानीचे छायाचित्र घेऊन परततात. मानपोर्त पाहिल्याखेरीज एत्रता पाहिले असे म्हणता येत नाही.

गावात सगळे व्यवहार भरती-ओहोटीच्या वेळांवर चालतात. इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत कित्येक मीटरांचा फरक पडतो. ओहोटीला कड्यांच्या पायथ्याचे शेवाळलेले खडक उघडे होतात आणि गुहांपर्यंत चालत जाता येते. या दरीत वर नदी दिसत नाही, कारण पाणी जमिनीखालून वाहते आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे झरे म्हणून फुटते. पूर्वी गावातल्या बायका गोटे बाजूला सारून त्याच पाण्यात कपडे धूत असत. भरती मात्र वेगाने येते. पायथ्याशी रेंगाळलेला माणूस कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकतो, आणि असे प्रसंग आजही घडतात.

चित्रकार क्लोद मोनेलाही हा अनुभव आला. नोव्हेंबर 1885मध्ये तो मानपोर्तखाली चित्र काढत होता. समुद्र ओसरतो आहे या समजुतीने तो निर्धास्त बसला होता. एका लाटेने त्याला कड्यावर आदळले आणि त्याचे रंगसाहित्य वाहून नेले. 1883 ते 1886 या काळात तो इथे पुन्हा पुन्हा आला. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, अशी त्याची पद्धत मोपासाँने जवळून पाहून लिहून ठेवली आहे. त्याच्याआधी 1869मध्ये गुस्ताव्ह कुर्बेने वादळानंतरचा इथलाच कडा रंगवला होता. दोघांची चित्रे शेजारी ठेवली तर कुर्बेचा दगड जड, घट्ट वाटतो आणि मोनेचा प्रकाशात विरघळणारा. एका दिवसात हा कडा दोन्ही रूपांत दिसतो, फक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे थांबायला हवे.

मोपासाँचे बालपण याच गावात गेले. 1868मध्ये इंग्रज कवी स्विनबर्न पोहताना प्रवाहात ओढला गेला, तेव्हा मदतीला धावलेल्यांत तरुण मोपासाँ होता. रहस्यकथांचा लेखक मोरिस लब्लाँ इथे राहत असे. त्याने 1909च्या कादंबरीत समुद्रातला सुळका आतून पोकळ असल्याची आणि तिथे आर्सेन लुपिन या चोराचा खजिना असल्याची कल्पना रचली. लब्लाँचे घर आता संग्रहालय आहे. 2021मधल्या ‘लुपिन’ या मालिकेने नवी पिढी इथे ओढून आणली.

पूर्वेच्या कड्यावर खलाशांचे लहानसे प्रार्थनामंदिर आणि नँजेसेर व कोली या वैमानिकांचे स्मारक आहे. 8 मे 1927 रोजी ते पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले, एत्रतावरून समुद्रावर गेले आणि परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने मंदिर आणि मूळ स्मारक दोन्ही पाडले. आजची बांधकामे युद्धानंतरची. जवळच 2017मध्ये खुली झालेली कड्यावरची बाग आहे.

परिसरासाठी वेगळे दोन दिवस हवेत. ईशान्येला फेकाँ हे जुने मासेमारी बंदर. इथल्या जहाजांनी कॉड माशांसाठी थेट न्यूफाउंडलंडपर्यंत सफरी केल्या. गावात भव्य मठ-चर्च आहे आणि वनौषधींपासून बनणाऱ्या बेनेडिक्टिन मद्याचा महालासारखा कारखाना. ल आव्र सप्टेंबर 1944च्या बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झाले. ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदाने ते काँक्रीटमध्ये नव्याने उभारले आणि 2005मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्या सेंट जोसेफ चर्चचा मनोरा 107 मीटर उंच आहे, आणि आतून रंगीत काचांचा उजेड पाहताना काँक्रीट रूक्ष असते हा समज गळून पडतो. सेन नदीच्या मुखावरचा, 1995मध्ये खुला झालेला नॉर्मंडी पूल ओलांडला की ओंफ्लर लागते. तिथले लाकडी सेंट कॅथरीन चर्च जहाजबांधणीच्या कौशल्यातून उभे राहिले आहे.

एत्रताला नियमित रेल्वे नाही. पॅरिसच्या सेंट लाझार स्थानकावरून ल आव्रपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाणे सोयीचे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी गावाला पेलवत नाही. मे-जून किंवा सप्टेंबरमधले आठवड्यातले दिवस निवडून गावातच एक रात्र मुक्काम करावा. गर्दीच्या पावलांनी कड्यावरचे गवत झिजते आणि माती उघडी पडते. म्हणून आखलेली पायवाट सोडू नये, कड्याच्या टोकाशी जाऊ नये, आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहून घ्यावी.