सेठ कोन्हे!

समजा, बदलापूरचा तुमचा मावसभाऊ बारावीनंतर उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमध्ये कापडाच्या दुकानात कामाला लागला. लोकलनं बदलापूरहून मधलं अंबरनाथ ओलांडलं की उल्हासनगर. जेमतेम बारा-पंधरा मिनिटं. एवढ्याशा प्रवासात भाषा ती काय बदलणार?

पण बदलते! गल्ल्यावरचे आजोबा फोनवर म्हणतात, "सेठ कोन्हे." आपला दादा चपापतो. त्याला ऐकू येतं, 'कोण हे?' तो दाराकडे बघतो, तर तिथं कुणीच नाही. आजोबा एवढंच सांगत होते, की शेठ दुकानात नाहीत. सिंधीत 'कोन्हे' म्हणजे 'नाही'.

आता याच्या उलट गंमत बघा. आजोबा कापडाकडे बोट दाखवून विचारतात, "हीउ छा आहे?" म्हणजे 'हे काय आहे?' यातलं 'आहे' अगदी आपलंच, नाही का? हिंदीत ते 'है' होतं. पाण्यालाही सिंधी माणूस 'पाणी'च म्हणतो, आपल्यासारखाच 'ण' लावून. नाक म्हणजे 'नकु', कान म्हणजे 'कनु', हात म्हणजे 'हथु'. शेवटचा उकार मात्र हलकेच म्हणायचा.

ही भाषा इथं आली कशी? १९४७ साली फाळणी झाली आणि सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. घरदार सोडून आलेल्या हजारो सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये जागा मिळाली. पत्त्यात 'कॅम्प' हा शब्द राहिला आहे, तो तेव्हापासूनचा. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली, आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. कुणी पापड लाटले, कुणी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. पुढे बाजार एवढा वाढला की मालावरच्या 'यू.एस.ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगून लोक चेष्टा करू लागले!

या माणसांना गिऱ्हाइकांशी बोलायला हिंदी-मराठी शिकावीच लागली. आज त्यांची नातवंडंही शाळेत मराठी शिकतात. आपण मात्र त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहून चार वाक्यं सिंधी शिकलो नाही. मला विचाराल तर हा हिशेब जरा एकतर्फीच आहे.

कॅनडातल्या माँट्रियल शहरात फ्रेंच बोलतात. इंग्रजी बोलणारा माणूस तिथं नोकरीला गेला, तर त्याला बहुतेक वेळा फ्रेंच शिकावी लागते, कारण १९७७ च्या कायद्यानं क्वेबेक प्रांतात कामकाजाची भाषा फ्रेंच ठरवली. सिंधीला १९६७ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं खरं, पण भारतात तिचं स्वतःचं राज्य नाही. त्यामुळे उल्हासनगरात हिंदीवर काम भागतं. आपला दादा हिंदीत बोलतो, शेठही हिंदीत उत्तर देतात. एवढंच असतं तर ठीक होतं. पण आता कितीतरी सिंधी घरांत आजी सिंधीत हाक मारते आणि नातू हिंदीत 'ओ' देतो. ज्या बाजारात भाषा रोज कानावर पडायची, तिथंच ती कमी ऐकू येऊ लागली, तर या मुलांनी ती कुठं ऐकायची?

तेव्हा दादानं शिकावी, आणि तुम्हीही शिकून बघा. अरबी वळणाच्या सिंधी लिपीत ५२ अक्षरं आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. पण घाबरू नका, सिंधी देवनागरीतही लिहितात. खरी परीक्षा उच्चारांची! सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत, की ती म्हणताना हवा बाहेर सोडायची नाही, किंचित आत ओढायची. देवनागरीत त्यांच्याखाली एक रेघ देतात. 'ॿारु' म्हणजे मूल आणि साधा 'बारु' म्हणजे ओझं. चुकलात तर शेठच्या बाळाला ओझं म्हणून बसाल!

मोठ्या माणसाला 'अदा' म्हणा, बाईंना 'अदी'. मग आकडे मोजा: हिकु, ॿ, टे, चारि, पंज, छह, सत, अठ, नव... आणि दहाला 'ॾह'. तिथं पुन्हा हवा आत ओढायची. जमलं का?